काहीही न कापलेले चाकू

जुन्या अमेरिकन घडीच्या चाकूंच्या बाजारात सर्वांत चढा भाव मिळतो तो आयुष्यात काहीच न कापलेल्या चाकूला. कारखान्यातून निघाला, कागदात गुंडाळलेला दुकानाच्या खणात पडून राहिला आणि साठ-सत्तर वर्षांनी बाहेर आला, असा चाकू 'मिंट' म्हणून विकला जातो. त्याच कारखान्याचा, त्याच सुमाराचा, पण एखाद्या शेतकऱ्याने रोज खिशात बाळगलेला चाकू मात्र या मिंटच्या पासंगालाही पुरत नाही. नाणी आणि टपाल तिकिटे जमवणाऱ्यांची ही फूटपट्टी चाकूला लावण्यात मुळातच काहीतरी चुकते आहे, असे मला वाटते.

केस कंपनीचा ६३१८ क्रमांकाचा 'स्टॉकमन' घ्या. पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्ड गावच्या या कंपनीच्या क्रमांकातच चाकूची माहिती असते: ६ म्हणजे मूठ हाडाची, ३ म्हणजे पाती तीन, १८ हा साचा. मिटला की तळहातात सहज मावतो. मोठे टोकदार पाते रोजच्या कापाकापीचे. दुसऱ्याची धार सरळ आणि पाठ टोकाशी खाली उतरलेली, त्यामुळे ते कुठे सहसा रुतत नाही. तिसरे 'स्पे'. ते गोऱ्हे खच्ची करण्यासाठी, म्हणून त्याचे टोक मुद्दाम बोथट ठेवलेले. धडपडणाऱ्या जनावराला भलतीकडेच इजा व्हायला नको. वापरलेला स्टॉकमन हातात आला की आधी पाहावे ते कोणते पाते किती झिजले आहे. मोठे पाते दगडावर घासून घासून निम्म्या रुंदीचे झालेले आणि स्पे जवळजवळ कोरे, असे दिसले तर मालकाकडे गुरे नसावीत. गुराख्याचा चाकू मात्र त्याला खिशात हवा होता. हाडावर कोरलेल्या खाचा एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने शाबूत असतील, तर खिशात चाकू कसा बसत होता याचाही अंदाज येतो. जुने पोलाद कार्बनचे. फळांचा रस, तंबाखू, घाम यांनी त्यावर निळसर करडी झाक चढते. तांबडा गंज पोलाद खातो, ही झाक खात नाही. ती घासून पाते चकचकीत करणारे विक्रेते असतात, आणि जाणकार त्यांना योग्य त्या शिव्या घालतात.

या चाकूंभोवती 'आमच्या आजोबांची अमेरिका' असा हळवेपणा बराच आहे. प्रत्यक्षात कितीतरी साचे इंग्लंडमधल्या शेफील्डचे, आणि सुरुवातीचे बरेच कारागीरही तिथूनच आलेले. १८९० च्या मॅकिन्ले जकात कायद्याने आयात चाकूंवर जबर कर बसला, शेफील्डचा तिकडचा धंदा खचला आणि न्यूयॉर्क राज्यातल्या वॉल्डनसारख्या गावांतले कारखाने फोफावले. परदेशी मालावर देशाचे नाव घालण्याची सक्तीही याच कायद्याची. त्यामुळे पात्याच्या बुडाशी 'इंग्लंड' किंवा 'जर्मनी' कोरलेले असले, की चाकू बहुधा त्यानंतरचा, हे संग्राहक चटकन ओळखतो. सर्वांत मानाची मूठ 'स्टॅग'ची, आणि ती बरेचदा आपल्याकडच्या सांबराच्या गळून पडलेल्या शिंगांची असे. भारताने शिंगांची निर्यात थांबवल्यावर ती आणखी दुर्मीळ झाली. टेनेसीतला एखादा गृहस्थ जी अस्सल अमेरिकन वस्तू म्हणून कुरवाळतो, तिची मूठ भारतातल्या एखाद्या जंगलात वाढलेली असू शकते. त्याला हे सांगितले तर तो खूश होईल की खट्टू, कुणास ठाऊक.

माझ्या म्हणण्याला छेद देणारा साक्षीदार मार्क ट्वेन आहे. १८७६ च्या 'टॉम सॉयर'मध्ये बायबलची वचने कशीबशी पाठ केल्याबद्दल मेरी टॉमला साडेबारा सेंटांचा कोरा 'बार्लो' चाकू देते. तो काहीच कापत नाही. पण बार्लो खराखुरा आहे, यातच टॉमला धन्यता. मुळात इतक्या वाईट चाकूची नक्कल करून तो आणखी वाईट कसा करणार, हे कोडे ट्वेनला काही सुटत नाही. म्हणजे धारेपेक्षा नावाला मोल देण्याची खोड मिंटवाल्यांनी आणलेली नाही, ती जुनीच. फरक आहे तो पुढे. टॉम लगेच त्या चाकूने घरातले कपाट कोरायला घेतो. मिरवायचा चाकूसुद्धा वापरल्यावाचून त्याला राहवत नाही.

टॉमचा हा सोस १९७० नंतरच्या संग्राहकात उरला नाही. त्या वर्षी केस कंपनीने पात्याच्या बुडाशी नावाखाली दहा ठिपके उमटवायला सुरुवात केली आणि दरवर्षी एकेक ठिपका कमी करत नेला. ठिपके मोजले की साल कळते. पण चाकू कोणत्या साली घडला, हे कळून शेतकऱ्याला काय करायचे होते? ही सोय जमवणाऱ्याच्याच उपयोगाची. नवा चाकू विकत घेऊन थेट खणात ठेवण्याची वाट त्यामुळे आणखी रुळली.

कोऱ्या चाकूची बाजू अगदीच लंगडी नाही. पाते मुळात किती रुंद होते हे ठाऊक नसेल, तर झीज मोजणार कशी? पाती बदललेला, बनावट शिक्का मारलेला माल या बाजारात भरपूर. तो पकडायलाही अस्सल कोरा नमुना जवळ लागतो. त्यासाठी प्रत्येक साच्याचे थोडे नमुने जपले तरी पुरे. प्रत्येकाने प्रत्येक चाकू कोरा ठेवण्याचे ते कारण होऊ शकत नाही.

शिवाय हात न लावता ठेवलेली वस्तू सुरक्षित राहते, हा समजही तितकासा खरा नाही. १९२० आणि १९३० च्या दशकांत रंगीबेरंगी सेल्युलॉइडच्या मुठी फार चालत. हे द्रव्य नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचे. काळ लोटला की ते विघटू लागते आणि त्यातून आम्लधर्मी वायू सुटतात. बंद पेटीत ते कोंडतात आणि आधी त्याच चाकूची पाती गंजवतात, मग शेजारच्यांची. मूठ तडकते, तिचा भुगा होतो. म्हणून अनुभवी संग्राहक असे चाकू इतरांपासून वेगळे आणि हवेशीर ठेवतात, अधूनमधून उघडून पाहतात. अर्धशतक ज्याला कुणी हातही लावला नाही, तो मिंट चाकू पेटीतल्या पेटीत खलास होऊ शकतो.

न्यूयॉर्क राज्यातला श्रेडचा कारखाना २००४ मध्ये बंद पडला, कॅमिलसचा २००७ मध्ये. दरम्यान २००६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलला ग्रेट ईस्टर्न कटलरी उभी राहिली. जुने साचे, कार्बनचे पोलाद, उत्पादन थोडे. चाकू उत्तम असतात. त्यातले पुष्कळ हातोहात उचलले जातात आणि चढ्या दराने पुन्हा विक्रीला येतात, डबीसकट, कोरे. सफरचंदाच्या एका फोडीने पोलादावर डाग पडतो आणि डाग पडला की दर उतरतो, म्हणून मधल्या मालकांपैकी कुणी ते फळाला लावलेले नसतात.