बिळातील कोळी आणि आपले प्रेम

जमिनीत बीळ करून राहणारा मोठा केसाळ कोळी काचेच्या पेटीत पाळण्याची हौस काही लोकांस असते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून असा जीव परवान्यावाचून उचलणे १९७२ च्या कायद्याने वर्ज्य आहे. परंतु परदेशी जातीचा विकत घेतला, तर दोष कोणता? त्यास अन्न मिळते, शत्रूचे भय नसते. काही जातींची मादी २० वर्षेही जगते. हे खरे, तथापि ती धन्यास ओळखीत नाही. हातावरून खाली पडली, तर पोट फुटून मरू शकते. मग तीस हातावर घेण्यात सुख कोणाचे? सुख आपले आणि धोका दुसऱ्याचा, त्यास प्रेम म्हणू नये. जिच्या घरी ती आहेच, त्याने पेटीत खोल माती घालावी व आपला हात आवरावा.