गृहीत धरा

दहावीच्या गणिताचे दोन पेपर असतात: भाग 1 बीजगणिताचा, भाग 2 भूमितीचा, लेखी 40-40 गुणांचे. फेब्रुवारी लागला की लालबाग-परळच्या मंडळांच्या अभ्यासिकांत उजळणी सुरू होते. वरळीच्या सुदाम काळू अहिरे मार्गावर तर मुलं रस्त्यावरच्या दिव्याखाली वह्या उघडून बसतात. त्या रस्त्याला लोक अभ्यास गल्लीच म्हणतात. ‘क्ष मानू’, ‘गृहीतमध्य 30 घेऊ’, ‘समजा, दिलेल्या रेषा समांतर आहेत’ ही वाक्यं तिथे शेकड्याने लिहिली जातात. प्रत्येक गणिताच्या सुरुवातीला काहीतरी मानावंच लागतं. आणि पेपरच्या आदल्या मंगळवारी हीच मुलं हॉलतिकीट घेऊन प्रभादेवीला सिद्धिविनायकासमोर रांगेत उभी असतात. तिथेही काहीतरी मानलेलंच असतं.

ही दोन मानणी एकाच जातीची आहेत का? हा प्रश्न परीक्षेत येत नाही, पण त्याचं बरंचसं उत्तर पाठ्यपुस्तकातच पडलेलं आहे.

सांख्यिकीपासून सुरुवात केलेली बरी. पाच मुलांना 40 पैकी 22, 26, 30, 31 आणि 36 गुण मिळाले. मध्य काढायचा आहे. गृहीतमध्य पद्धतीत 30 धरले तर विचलनं येतात −8, −4, 0, 1, 6. त्यांची बेरीज −5, सरासरी −1, म्हणून मध्य 29. आता वर्गातला एखादा उपद्व्यापी मुलगा मुद्दाम 10 धरतो. विचलनं 12, 16, 20, 21, 26. बेरीज 95, सरासरी 19, आणि मध्य पुन्हा 29. हजार धरले तरी उत्तर तेच, फक्त आकडेमोडीत घाम निघेल. इथलं गृहीत म्हणजे नुसती सोय. आपल्याकडचे पुष्कळ सश्रद्ध लोक देवाबद्दल असंच बोलतात: नाव कोणतंही घ्या, नमस्कार एकाच ठिकाणी पोचतो. ऐकायला हे उदार वाटतं. पण ते खरं ठरायचं तर श्रद्धेचं गृहीत गृहीतमध्याच्या जातीचं असायला हवं, आणि तसं ते असतंच असं नाही.

भूमितीत गृहीत बदललं की सगळं बदलतं. युक्लिडने सुमारे 2300 वर्षांपूर्वी भूमितीची मांडणी केली, तेव्हा समांतर रेषांबद्दलचं एक विधान त्याने सिद्धतेशिवाय घेतलं. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज 180 अंश असते, हे पाठ करून घेतलेलं वाक्य त्याच विधानावर उभं आहे. ते इतर गृहीतकांवरून सिद्ध करायचा प्रयत्न दोन हजार वर्षं चालला. मग 1829 मध्ये रशियात लोबाचेव्हस्कीने आणि 1832 मध्ये हंगेरीच्या बोयाईने ते विधान सोडूनच भूमिती रचली. ती कोसळली नाही. तिच्यात त्रिकोणाचे कोन 180 पेक्षा कमी भरतात, एवढंच. त्याच्या उलटची गोष्ट पृथ्वीच्या गोलावर दिसते. विषुववृत्तावरून 90 अंशांच्या अंतरावरची दोन रेखावृत्तं उत्तर ध्रुवापर्यंत नेली, तर त्या त्रिकोणात तीन काटकोन होतात, बेरीज 270.

गिरगावात 1867 मध्ये डॉ. आत्माराम पांडुरंग आणि त्यांच्या सोबत्यांनी जे केलं, ते गणिताच्या भाषेत मांडायचं तर एक गृहीत सोडून नवी भूमिती रचण्याच्या जवळ जातं. त्यांनी स्थापलेल्या प्रार्थना समाजाने एक ईश्वर ठेवला, प्रार्थना ठेवली, संतांचे अभंग ठेवले. मूर्ती सोडली. कोणताही ग्रंथ ईश्वराचाच शब्द म्हणून मानायचं नाकारलं. त्या काळच्या कर्मठांना वाटलं, एवढा आधार काढला तर धर्म उरतोच कसा? उरला, पण निराळा उरला. त्यात जातिभेदाला जागा राहिली नाही आणि विधवाविवाहाला आड येणारं शास्त्रवचन निर्णायक राहिलं नाही. आज गिरगावात समाजाच्या नावाच्या चौकात बसचे थांबे आणि दुकानांच्या पाट्या यांपलीकडे फारसं कुणी बघत नाही, पण समाजाचं मंदिर अजून तिथे आहे. सगळे मार्ग एकाच उत्तराला जातात असं म्हणणाऱ्यांनी तिथे एकदा थांबायला हरकत नाही. मूर्ती मानणं आणि न मानणं यांतून दोन वेगळे समाज उभे राहिले.

बीजगणिताचं गृहीत आणखी तिसरंच. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींतली खोली 160 चौरस फुटांची. समजा, लांबी रुंदीपेक्षा 6 फूट जास्त आहे. रुंदी क्ष मानू. मग क्ष वर्ग अधिक 6 क्ष बरोबर 160, आणि उत्तरं दोन: 10 आणि −16. मुलं सवयीने लिहितात, ‘रुंदी ऋण नसते, म्हणून −16 हे उत्तर ग्राह्य नाही’. हे वाक्य जरा थांबून वाचावं. समीकरणाच्या दृष्टीने −16 मध्ये काहीच खोट नाही. त्याला बाहेर काढते ती खोली. मानलेल्या गोष्टीने दिलेलं उत्तर जगाशी ताडून बघायची शिस्त दहावीच्या मुलाला एका गुणासाठी शिकवली जाते, आणि नवसाचा हिशेब करताना घरातली मोठी माणसं ती सोडून देतात. पावलेले नवस सांगितले जातात, न पावलेल्यांची नोंद कुणी ठेवत नाही.

फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज संख्याशास्त्र्याने ती नोंद 1872 मध्ये ठेवून पाहिली. राजघराण्यातल्यांच्या दीर्घायुष्यासाठी चर्चमध्ये जाहीर प्रार्थना होत असत. त्याने सुखवस्तू वर्गांची सरासरी आयुर्मानं मांडली, तर राजघराण्यांचं आयुष्य सगळ्यांत कमी निघालं. गाल्टनचा हा हिशेब खोडसाळ होता, पण रास्त होता. जी प्रार्थना मोजता येणारं काही मागते, तिने मोजमापाला तयार असायला हवं. सिद्धिविनायकापुढे डोळे मिटल्यावर हाताची थरथर थांबते, हे मात्र गाल्टनच्या तक्त्यात मावत नाही, आणि ते खोटं म्हणायचं कारणही नाही.

मानलेलं ताडून बघण्याच्या शिस्तीचे दोन वारस मुंबईत एकाच घरातून आले. 1899 मध्ये गोव्याचं घर सोडून बुद्धाच्या शोधात निघालेले धर्मानंद कोसंबी यांनी परळच्या कामगारवस्तीत बहुजन विहार उभा केला. त्यांचा मुलगा दामोदर गणिती झाला आणि 1945 पासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होता. नाणं वापरात झिजतं आणि हलकं होतं, हे गृहीत धरून त्याने प्राचीन आहत नाण्यांच्या वजनांवरून त्यांचा कालक्रम लावला. पण आधी चलनातली आधुनिक नाणी तोलून झीज खरंच तशी होते का, हे पाहिलं. वडिलांनीही धर्म वारशाने घेतला नव्हता. सिलोन-ब्रह्मदेशापर्यंत जाऊन, पाली शिकून तपासून घेतला होता.

उजळणीच्या या दिवसांत शिक्षकांनी आणि घरच्यांनी एक करावं. पायथागोरसच्या प्रमेयाची सिद्धता मुलगा धडाधड म्हणून दाखवू लागला की कंसातली कारणं हाताने झाकावीत, आणि प्रत्येक ओळीला विचारावं: हे तू सिद्ध केलंस, मोजलंस, की मानलंस? तिन्ही उत्तरं चालतील. फक्त कोणतं उत्तर कुठे, हे त्याला सांगता आलं पाहिजे.