शीन, बेत, ताव

मुंबईतल्या सात रस्त्याच्या चौकात उभे राहा. शुक्रवारची संध्याकाळ आहे. बसगाड्या वळसा घेतात, हॉर्न वाजतात. त्यांना वाजू द्या.

श्वास घ्या. सोडा.

इथून जवळच तिफेरेथ इस्राएल सिनेगॉग आहे. आग्रीपाड्यात मागेन हसिदिम आहे. सूर्य मावळताना बेने इस्राएल ज्यू मंडळी तिथे जमतात. घरात मराठी, प्रार्थनेला हिब्रू.

शब्बात सुरू होतो. शनिवारी संध्याकाळपर्यंतचा, ज्यूंचा पवित्र दिवस.

हा एकच शब्द घेऊ. घाई नाही.

म्हणून पाहा. शब्बात.

पुन्हा, अगदी हळू. श… आणि ओठ मिटतात. क्षणभर मिटलेलेच राहतात. मग उघडतात, आणि जीभ दातांना टेकते.

त्या मिटलेल्या ओठांपाशी थांबा.

हिब्रूत या मधल्या अक्षराच्या पोटात एक ठिपका असतो. त्याला दागेश म्हणतात. इथे तो अक्षर दुप्पट करतो. एवढ्याशा ठिपक्याने ओठ थोडे अधिक वेळ मिटून राहतात.

आता स्वर काढून घ्या. हलकेच.

काय उरते?

श. ब. त.

शीन, बेत, ताव.

हा धातू. हिब्रूतल्या बहुतेक क्रियापदांच्या तळाशी अशी तीन व्यंजने असतात. स्वर येतात, जातात. सिनेगॉगमधल्या तोराच्या गुंडाळीत तर स्वरांच्या खुणा लिहीतच नाहीत. चर्मपत्रावर नुसती व्यंजने उभी असतात. वाचणारा त्यांच्यात आपला श्वास घालतो.

डोळे मिटा. मनात ती तीन अक्षरे उजवीकडून डावीकडे मांडा. त्यांच्याकडे पाहत राहा.

त्यांचा अर्थ आहे थांबणे.

शावत. तो थांबला.

शोवेत. थांबणारा.

यिश्बोत. तो थांबेल.

बेत कधी ब होतो, कधी व. तरी अक्षर तेच. ऐका, प्रत्येक रूपात ती तिघे आपल्या क्रमाने येतात. मधले स्वर तेवढे हलतात.

आता हिश्बीत. त्याने थांबवले. आपण मराठीत थांबला म्हणतो, थांबवला म्हणतो. आपला ‘व’ शब्दाच्या आत येऊन बसतो. हिब्रूत ‘हि’ पुढे उभा राहतो.

आणि निश्बत. ते थांबवले गेले.

क्रियापदाच्या या घडणींना बिन्यान म्हणतात. बिन्यान म्हणजे इमारत. मुख्य बिन्यान सात मानतात.

डोळे उघडा. चौकाकडे पाहा. एकाच ठिकाणाहून सात वाटा फुटतात. पण प्रत्येक धातू सातही वाटांनी जात नाही. शीन-बेत-ताव थोड्याच वाटा घेतो. त्याला जाऊ द्या तसा.

श्वास घ्या.

पुन्हा डोळे मिटा. आता आपण समुद्रापलीकडे आहोत, जुन्या काळात, अलिबागच्या किनाऱ्याला. तेलाचा घाणा आहे. बैल गोल फिरतो. लाकूड करकरते. तेलाचा वास हवेत जड होऊन राहिला आहे.

करकर ऐका.

शुक्रवारचा दिवस मावळतो. बैलाच्या मानेवरून जू उतरते.

आता काहीच वाजत नाही.

शनिवारी घाणा फिरत नाही. गावातले लोक घाणा चालवणाऱ्या या बेने इस्राएलांना म्हणतात, शनवार तेली.

बेने इस्राएलांची परंपरा सांगते, नवगावजवळ गलबत फुटले. सात जोडपी वाचली. पोथ्या पाण्यात गेल्या. पुढे पिढ्यांमागून पिढ्या जातात, हिब्रू विसरली जाते. जिभेवर उरते ती शेमा प्रार्थना. जन्माला तीच, लग्नाला तीच, मरणाला तीच.

शीन कसा लिहितात, कोणाला ठाऊक नाही. बेत नाही. ताव नाही.

घाणा मात्र शनिवारी थांबतो.

इथे थोडे जास्त राहू.

क्रियापद हरवले आहे. क्रिया राहिली आहे. हातांनी ती सांभाळली आहे. मला बेने इस्राएलांच्या साऱ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. भाषा गेली की सगळे गेले, असे आपण फार लवकर म्हणतो.

बैलाची मोकळी मान पाहा. उद्या त्याला कोणी जुंपणार नाही.

हळूहळू ही माणसे मुंबईला येतात. मांडवीत १७९६ मध्ये त्यांचे पहिले सिनेगॉग उभे राहते. १८३२ मध्ये त्यांच्यासाठी हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे मराठीत छापली जातात. लिहिणारे जॉन विल्सन, गिरगाव चौपाटीसमोरच्या कॉलेजला ज्यांचे नाव आहे ते. मिशनरी गृहस्थ, हेतू धर्मप्रसाराचा. बेने इस्राएल व्याकरण घेतात आणि आपल्या धर्मात राहतात.

मग त्यांच्यातलेच जोसेफ एझकेल राजपूरकर पुढे येतात. डेव्हिड ससून यांच्या शाळेचे मुख्याध्यापक, मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक. हिब्रू प्रार्थनांची पुस्तके ते एकामागून एक मराठीत आणतात. वीसहून अधिक.

मनात एक मूल आणा. दिव्याजवळ बसले आहे. मराठी पानावर बोट ठेवून ते ही तीन अक्षरे पहिल्यांदाच वाचते आहे.

अर्थ: थांबणे.

त्याच्या आजोबांच्या घरी दर शनिवारी घाणा बंद असे.

त्या बोटाकडे पाहा. बोलू नका.

आता चौकात परत या. परळ-लालबागच्या दिशेला कान लावा. आजच्या हिब्रूत संपाला श्वीता म्हणतात. धातू तोच. संपावरचा कामगार, तोही शोवेत.

१८ जानेवारी १९८२. कापडगिरण्यांचा संप. गिरणगावातले साचे थांबतात. चात्या थांबतात. सुमारे अडीच लाख हात थांबतात, आणि त्यांतल्या पुष्कळांना गिरणीचे काम पुन्हा कधीच मिळत नाही.

हे थांबणे विसाव्याचे नाही. चुलीपाशी काळजी बसली आहे.

एकाच धातूत शब्बातही राहतो आणि संपही. त्यांना जुळवायला जाऊ नका. दोन्ही ऐका. शब्बात. श्वीता. तळाशी तीच तिघे.

श्वास घ्या. सोडा.

पुन्हा एकदा म्हणा. शावत. शोवेत. हिश्बीत. शब्बात.

शेवटच्या शब्दात ओठ मिटतील, तिथे हवे तितके राहा.

हिब्रू शिकावीशी वाटली, तर बिन्यानांचे तक्ते आधी पाठ करू नका. एक धातू घ्या. आठवडाभर त्याच्याबरोबर राहा. त्याचे एकेक रूप तोंडात घोळवा, वहीत उजवीकडून डावीकडे लिहा. मग तक्ता समोर आला की त्यातले चेहरे ओळखीचे असतील. शनिवारी मात्र वही उघडू नका. शब्बातला लिहिणे वर्ज्य आहे.