ईसीजी पाहिला, पुढे?

व्हॉट्सॅपवर आलेला ईसीजीचा फोटो मी उघडला, निळ्या टिक उमटल्या. तेवढ्याने तो पेशंट माझा झाला का?

मी सोलापुरात फिजिशियन आहे. करमाळा, सांगोला, अक्कलकोट, जिल्ह्याच्या कुठल्याही टोकाकडून असे फोटो येतात. कधी तिथले डॉक्टर पाठवतात, कधी थेट पेशंटचा मुलगा. सोबत एवढंच: ‘मॅडम, बघता का?’

फोनवरून हृदय पाहणं तसं जुनंच. १९०५ साली लायडनमध्ये विलेम आइंटहोवेन यांनी रुग्णालयातल्या पेशंटच्या हृदयाचे संकेत टेलिफोनच्या तारेवरून दीड किलोमीटरवरच्या आपल्या प्रयोगशाळेत आणले, कारण यंत्र उचलून पेशंटकडे नेण्यासारखं नव्हतंच. आता आपल्याच भाभा अणुसंशोधन केंद्राने मोबाइलला जोडायचं, हातात मावणारं बारा लीडचं यंत्र बनवलंय. याचा उपयोग किती, ते करमाळ्याच्या माणसाला विचारा. तिथून सोलापूर शंभरावर किलोमीटर. हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली की दर मिनिटाला स्नायू मरत जातो. फोटो पाहून ‘गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच सुरू करा’ असं तिथल्या डॉक्टरांना सांगता आलं, तर रस्त्यात जाणारा वेळ वाचतो. ‘मोबाइलवर कसली डॉक्टरी’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी माझं म्हणूनच जमत नाही.

अडचण सुरू होते ती ‘नॉर्मल’ या शब्दापाशी. हार्ट अटॅक आलेल्याचा पहिला ईसीजी नॉर्मल असू शकतो. म्हणून मी लिहिते, ‘यात बदल दिसत नाही, पण दुखत असेल तर लगेच दवाखान्यात न्या, ईसीजी पुन्हा काढावा लागेल.’ घरच्यांपर्यंत पहिले चार शब्द पोचतात. मी कागद पाहिलेला असतो. घाम, चेहऱ्याचा रंग, छातीवर दाबून धरलेली मूठ, यातलं काही मला दिसलेलं नसतं. (तुमच्या मनगटावरच्या स्मार्टवॉचचंही तेच. एका लीडमध्ये ठोक्यांची अनियमितता कळू शकते. अटॅक ओळखता येत नाही, हे ॲपल स्वतःच बजावते.)

मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की पेशंटने स्वतःहून संपर्क केला तर त्याची संमती गृहीत धरायची. सल्ला द्यायचा की नाही, हे डॉक्टरने ठरवायचं. ठीक. पण नकार द्यायचा तर तो शब्दांत द्यायला हवा. निळी टिक हा होकारही नसतो आणि नकारही. पलीकडे बसलेल्या मुलाला मात्र ती होकारच वाटते. ‘मॅडमनी बघितलंय, आता सांगतील’ म्हणत तो गाडी काढायचा थांबतो. फोटो आला नसता, तर निघाला असता. इथे मला जबाबदारी दिसते: माझ्या पाहण्यामुळे कुणीतरी थांबलंय. डॉक्टरांच्या मोठ्या ग्रुपवर तर सगळेच पाहतात आणि प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणी उत्तर देईल. पेशंटचं नाव, वय तिथे उघडं पडतं, ते वेगळंच.

म्हणून माझं मत: उघडलंत, तर काहीतरी लिहा. ‘मला आत्ता जमणार नाही, १०८ ला फोन करा’ हेही उत्तरच आहे, आणि बऱ्याचदा तेच सगळ्यांत उपयोगाचं.

माझा एक मित्र यावर म्हणाला, ‘मग मी निळ्या टिकच बंद करतो.’ केल्याही. माणूस वाईट नाही. दिवसभर ओपीडी, रात्री फोन, फी नाही, केसपेपर नाही, आणि चुकलं तर कोर्ट. त्याचं म्हणणं असं, की जे काम ड्यूटी लावून, पगार देऊन करवून घ्यायला हवं, ते आपण डॉक्टरांच्या चांगुलपणावर भागवतोय. हे मला खोडता येत नाही. राज्याच्या ‘स्टेमी महाराष्ट्र’ प्रकल्पामागचा विचार तोच आहे: लहान रुग्णालयात काढलेला ईसीजी दूर बसलेल्या तज्ज्ञांनी वाचायचा, आणि ते वाचणं हेच त्यांचं काम. तिथे ‘बघता का?’ अशी विनवणी करावी लागत नाही.

पण अशी सोय दारात नसलेल्या माणसाकडे रात्री दीड वाजता कुणाचा तरी नंबरच असतो. मित्राने टिक बंद केल्या, तरी वाट पाहणं बंद झालेलं नाही. फक्त कशाची वाट पाहतोय, हे पलीकडच्याला कळेनासं झालंय.

मी टिक चालू ठेवल्यात. प्रोफाइलवर लिहून ठेवलंय: छातीत दुखत असेल तर आधी १०८, मग फोटो.