नावाचा हक्क

गेल्या माघातल्या एका रविवारी आमच्या स्वयंपाकघरात कोबीच्या एका गड्ड्यावरून वाद झाला. वाद तसा किरकोळच. पण मोठे वाद आपण विसरतो आणि किरकोळ वाद मनात घर करून राहतात, असा माझा तरी अनुभव आहे.

आमच्या नातीला कोरियन मालिकांचे वेड. त्या पाहून पाहून तिच्या मनाने घेतले की आपणही घरी किमची करायची. सकाळीच मंडईतून कोबी आणला, त्याच्या फोडी मिठात घोळून ठेवल्या. दोनतीन तासांनी कोबी चांगला मलूल झाल्यावर तो तीन पाण्यांतून धुतला. मग तांदळाच्या पिठाची घट्टसर पेज. तीत आले, लसूण, कांद्याची पात आणि मुळ्याच्या बारीक कापट्या. तिखट ब्याडगीचे, बिया काढून जाडसर भरडलेले. कोरियात यात खारवलेली बारीक कोळंबी घालतात. ती इथे कुठली? पोरीने आजीच्या डब्यातला जवळा भाजून घातला. सगळे चिनी मातीच्या बरणीत दाबून भरले आणि बरणी ओट्याच्या कोपऱ्यात ठेवून वर चिठ्ठी डकवली : ‘किमची’.

आमचे चिरंजीव चाकणला एका कोरियन कंपनीत नोकरीला आहेत. कामानिमित्त दोनदा सोलला जाऊन आलेले. त्यांनी चिठ्ठी वाचली, झाकण उघडून वास घेतला आणि निकाल दिला, “ही किमची नव्हे. कोबीचं लोणचं म्हण हवं तर.”

पोरीचा चेहरा उतरला. “आजोबा, तुम्ही सांगा,” ती म्हणाली. आणि मी, सगळे आजोबा करतात तेच केले. वर्तमानपत्र उघडले.

चिरंजीवांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. नाव हे एक वचन असते. वनस्पती तुपाला साजूक म्हणून विकणाऱ्याला आपण लबाड म्हणतो, ते काही उगीच नव्हे. शिवाय दुसऱ्याच्या घरची वस्तू असेल तर तिचे नाव अधिकच जपून वापरावे. कुणी परदेशी मनुष्याने मैद्याची गोड पोळी लाटून तिला पुरणपोळी म्हटले, तर माझ्या कपाळावर आठी उमटेलच.

पण नाव कशाला चिकटलेले असते? जिनसांना, कृतीला, की करणाऱ्या हातांना? 1937 साली स्टॅलिनच्या हुकुमाने सोवियत रशियाच्या अतिपूर्वेकडील सुमारे 1,72,000 कोरियन माणसे आगगाड्यांत भरून कझाकस्तान आणि उझबेकिस्तानात नेऊन टाकली गेली. ते जपानचे हेर ठरतील, असा संशय. उश्तोबेसारख्या ठिकाणी पहिला हिवाळा कित्येकांनी जमिनीत खड्डे खणून त्यांत काढला. त्या मुलखात किमचीचा लांबट कोबी मिळेना. गाजरे होती. तेव्हा त्या बायकांनी गाजरांचे बारीक लांब काप केले. त्यांना मीठ, सिरका, लसूण, लाल तिखट चोळले, तिथल्या चवीचे धने घातले आणि वरून कडकडीत तेल ओतले. आज त्या सगळ्या मुलखात ‘कोरियन गाजर’ प्रसिद्ध आहे. नावातला अर्धा शब्द रशियन, अर्धा कोरियन : मोरकोव्ह-चा. खुद्द कोरियात मात्र हा पदार्थ फारसा कुणाच्या ओळखीचा नव्हता. आता त्या बायांना सांगायला कोण जाणार, की बाई, हे कोरियन नव्हे?

आणि कोरियाचे तिखट तरी कोरियाचे कुठे? मिरची मूळची अमेरिकेची. पोर्तुगीजांनी ती सोळाव्या शतकात गोव्याला आणली. त्याच शतकाच्या शेवटास, जपानच्या स्वारीच्या सुमारास, ती कोरियात पोचली असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याआधीची किमची पांढरीच. आपणही हसू नये. एकादशीच्या खिचडीतला साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची, चौघेही समुद्रापलीकडचे. आणि उपासाला कांदा मात्र वर्ज्य!

कोरियन लोकांची एक म्हण आहे : शिन्-तो-बुल्-ई. शरीर आणि माती दोन नव्हेत. यातला ‘दोन नव्हेत’ म्हणजे आपल्या ओळखीचे अद्वैतच. जिथे राहतो तिथल्या मातीतले खावे, हा अर्थ. त्या न्यायाने डबाबंद किमची विकत आणणाऱ्यापेक्षा मंडईतला कोबी आणणारी आमची नातच कोरियन ठरेल. गंमत अशी की 1990 च्या सुमारास परदेशी शेतमाल बाहेर ठेवण्यासाठी तिथे हीच म्हण घोषणा म्हणून वापरली गेली. म्हण दोन्ही बाजूंनी साक्ष देते. तिच्यावर फार विसंबू नये.

मला मात्र त्या रात्री वेगळीच आठवण छळू लागली. माझी आई रत्नागिरीची, लग्न होऊन इंदूरला आली. आमसुले माहेराहून वर्षातून एकदा येत, आणि मार्गशीर्षापर्यंत संपत. मग ती आमटीत आमचूर घाली. दहाव्या वर्षी मी सुटीत आजोळी राहून आलो आणि पहिल्याच जेवणाला सगळ्यांदेखत म्हणालो, “ही काही खरी आमटी नव्हे.” मी खोटे बोललो नव्हतो. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी आमटीत आंबटच नव्हते. पुढे बरेच दिवस नव्हते. ती आपल्या परीने घर इंदूरला घेऊन आली होती, आणि मी तिला सांगितले की ते पोचलेच नाही. हे मला कळायला चाळीस वर्षे लागली; तोवर सांगायला ती उरली नव्हती.

कोरियन भाषेत सोन्-मात् असा शब्द आहे. अर्थ शब्दशः ‘हाताची चव’. आपण म्हणतोच ना, अमकीच्या हाताला चव आहे!

तिसऱ्या दिवशी बरणीत बुडबुडे दिसू लागले, आंबूस वास सुटला. मी पोरीला हाक मारून म्हटले, “तुझी किमची वाढ.” मिठाचा हात जड पडला होता, जवळाही जरा अधिकच; ते मी तिला सांगितले. तिने चिठ्ठीवर नावाखाली बारीक अक्षरांत लिहिले : ‘जवळा घालून. मीठ कमी करणे.’ चिरंजीवांनी एक फोड खाल्ली, मग आणखी दोन. मत दिले नाही. सकाळी पाहिले, तर एक लहान डबा भरून त्यांनी कामावर नेला होता. तो आपल्या कोरियन साहेबाला दिला, की स्वतःच संपवला, हे त्यांनी अद्याप आम्हांला सांगितलेले नाही.