तंबूच्या खुणा

पनवेलमध्ये निकाह असो की अकीका, दस्तरखान उचलला गेला की पन्नाशी ओलांडलेल्या मंडळींचा विषय ठरलेला असतो. इथे काय होते आणि तिथे काय होते. या टॉवरच्या जागी वाडा होता, त्या बँकेच्या जागी वखार होती, टॉकीजच्या दारात केवढी गर्दी व्हायची, तिकिटासाठी कुणाचा सदरा फाटला. आमच्यासारखे तिशीतले लोक शेजारी बसले असतील, तर एक वाक्य आमच्याकडेही फेकले जाते : "तुम्ही लोकांनी काय पाहिलं?"

खरे आहे. आम्ही फार काही पाहिले नाही. आमच्या समजत्या वयात १९९८ साली हार्बरची लोकल पनवेलपर्यंत आली, पाठोपाठ एक्स्प्रेस-वे आला, २०१६ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी गावाच्या उशाशी विमानतळाचे उद्घाटन झाले. जे पाडायचे होते ते बरेचसे आमच्या आधीच पाडून झाले होते. म्हणून या बैठकांत आम्ही ऐकणारे असतो. ऐकता ऐकता एक प्रश्न मनात घर करून राहिला आहे. नाहीशा झालेल्या इमारतीसाठी हळहळणे हे चांगुलपणाचे लक्षण आहे काय? की तो स्वतःचे वय कुरवाळण्याचा एक सभ्य प्रकार आहे?

आधी पनवेलचेच पाहू. आपल्या गावाला समुद्र थेट दिसत नाही, पण हे गाव खाडीने घडवले. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला, तेव्हा मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस बोटीने पनवेल बंदरात उतरे आणि इथून पुढे घाटाची वाट धरी. देशावरून मालाच्या गाड्या येत. इथली बैलगाडीची चाके इतकी नावाजलेली होती की परतणारा गाडीवान ऐपत असेल तर एक जोडी घेऊनच जाई, अशी नोंद इंग्रजांच्या गॅझेटियरात आहे. १८५२ साली इथे नगरपालिका स्थापन झाली ती याच भरभराटीच्या जोरावर. पुढे रेल्वे कल्याण-कर्जतवरून गेली, १८६३ साली घाट चढली आणि पनवेलची वाट ओस पडत गेली. धक्का गेला, गाडीतळ गेले, चाके करणारे हात गेले. एखाद्या टॉकीजपेक्षा हे नुकसान किती तरी मोठे! पण त्यासाठी कुणाच्या डोळ्यांत पाणी येताना आम्ही पाहिलेले नाही. कारण उघड आहे. त्या धक्क्यावर आपल्यापैकी कुणाचे तारुण्य गेले नाही. माणूस गावासाठी रडतो असे म्हणतो, पण तो रडतो आपल्या विसाव्या वर्षासाठी. यात गुन्हा काही नाही. फक्त त्याला गावाचा इतिहास म्हणू नये एवढेच.

या बैठकांचा सूर पनवेलवरून मुंबईकडे वळायला वेळ लागत नाही. पूर्वी होडीने आणि नंतर एस.टी.ने, आपल्या मोहल्ल्यातली माणसे मुंबईला कामाला जात. सुट्टीच्या दिवशी ग्रँट रोड, नागपाडा, पिला हाऊस. "पिला हाऊस" हा प्लेहाऊसचाच आपल्या जिभेवर झालेला अवतार. समुद्रकाठच्या या शहराने किती नाटकगृहे आणि चित्रपटगृहे गिळली याची गणती नाही. विष्णुदास भाव्यांच्या मंडळीने १८५३ साली जिथे नाटक केले ते ग्रँट रोड थिएटर नाही. १९१३ साली फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' जिथे लागला ते गिरगावचे कोरोनेशन नाही. आणि मॅजेस्टिकही नाही.

मॅजेस्टिकपाशी थोडे थांबावेसे वाटते, कारण त्याच्या मागे जो माणूस उभा आहे त्याची आपल्याकडे फारशी आठवण काढली जात नाही. अब्दुलअली युसूफअली. सुरतेत १८८४ साली जन्मलेला हा माणूस विशीच्या आतच बायोस्कोपचे यंत्र आणि एक तंबू घेऊन निघाला. ब्रह्मदेश, सिलोन, सिंगापूर, जावा, सुमात्रा. साधारण शंभर फूट लांब, पन्नास फूट रुंद तंबू आणि त्यात हजारएक माणसे. १९०८ साली तो हिंदुस्थानात परतला आणि इथेही गावोगाव तंबू ठोकत हिंडला. १९१४ साली मुंबईत स्थिरावून अर्देशर इराणींच्या भागीदारीत त्याने अलेक्झांड्रा थिएटर चालवायला घेतले आणि १९१८ साली दोघांनी मॅजेस्टिक बांधले. तिथेच १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' लागला. पडदा पहिल्यांदाच बोलू लागला, आणि बोलला तो आपल्या ओळखीच्या हिंदुस्थानी जबानीत. गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. चार आण्यांचे तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेले, असे खुद्द अब्दुलअलींनीच पुढे सांगून ठेवले आहे. आज मॅजेस्टिकच्या जागी दुकानांची इमारत आहे आणि 'आलम आरा'ची एकही प्रत उपलब्ध नाही. म्हणजे घरही गेले आणि घरात जे घडले तेही गेले.

पण आमचे मन मॅजेस्टिकपेक्षा त्या तंबूतच जास्त रमते. मॅजेस्टिकसाठी हळहळणारे भेटतात, तंबूसाठी कुणी हळहळत नाही. तंबूला पायाच नसतो. खेळ संपला की दोर सोडायचे, खुंट्या उपटायच्या, गाडीत घालायचे. मागे उरतात जमिनीतली भोके, तीही पहिल्या पावसात बुजतात. तरी आयुष्यात पहिल्यांदा हलते चित्र पाहून थरारलेली हजारो माणसे त्या कापडाखालीच बसली होती. मग किंमत नेमकी कशाची? भिंतीची असेल तर तंबूत काहीच घडले नाही असे म्हणावे लागेल.

आता 'आलम आरा'च्या नायिकेकडे वळू. जुबेदा. तिची आई फातमा बेगम ही हिंदुस्थानातली पहिली स्त्री दिग्दर्शक. 'बुलबुल-ए-परिस्तान' तिने १९२६ साली केला. तोही आज उरलेला नाही. पडदा आपल्या घरांतल्या बायकांनी उभा करायला हातभार लावला, याबद्दल वाद नाही. पण पडद्यासमोर कोण होते? सुरुवातीच्या काळात देशात अनेक ठिकाणी बायकांसाठी वेगळी जनाना बैठक असे, क्वचित वेगळा खेळही असे. आपल्या मोहल्ल्यांत मात्र किती तरी घरांतल्या बायकांनी टॉकीज फक्त बाहेरून पाहिली. शेवटचा खेळ सुटला की घरी येणाऱ्या पुरुषाची वाट पाहत दार उघडे ठेवायचे, एवढाच त्यांचा सिनेमाशी संबंध. त्यामुळे दस्तरखानावरच्या त्या गप्पा ऐकताना वाटते की आठवणींतली ही टॉकीज निम्म्या गावाचीच आहे. आणखी एक गोष्ट खटकते. जे बुजुर्ग "ते दिवस राहिले नाहीत" म्हणून सुस्कारा टाकतात, त्यांतलेच काही नातीने मैत्रिणींबरोबर सिनेमाला जायचे नाव काढले की भुवया चढवतात. जी चीज स्वतःच्या तारुण्यात गोड होती ती दुसऱ्याच्या तारुण्यात बिघाड कशी ठरते? सिनेमा वाईट असेल तर त्याच्या इमारतीसाठी हळहळू नये, आणि हळहळायचेच असेल तर नातीचा वाटाही कबूल करावा.

हा वाद आमच्या स्टाफरूममध्ये एकदा चांगलाच रंगला होता. निमित्त अलेक्झांड्राचे. नागपाड्याचे हे थिएटर २०११ च्या सुमारास बंद पडले आणि त्या वास्तूत दीनी तालमीचे काम सुरू झाले. एक सर म्हणाले, "जिथं नको ती पोस्टरं लागायची तिथं मुलं दीन शिकतात. यात रडण्यासारखं काय आहे?" एक बाई म्हणाल्या, "रडू नका. पण अब्दुलअली कोण होता हे तरी त्या मुलांना सांगाल की नाही?" दोघांचेही आम्हाला पटले. इमारत ही कबर नव्हे की तिथे दुसरे काही होऊच नये. दगडमातीला नवे काम मिळाले तर तिचे आयुष्य वाढतेच. आणि तालीम हे काम काही हलके नाही. पण त्या वादात एक माणूस दोघांच्याही नजरेतून सुटला, असे आम्हाला वाटते. शेवटच्या वर्षांत तिथे दुपारच्या खेळाला येऊन बसणारा तो. हमाल, टॅक्सीवाला, गावाकडे कुटुंब ठेवून आलेला, दहा जणांच्या खोलीत पाळीने झोपणारा. चित्र कोणते आहे याच्याशी त्याला फारसे देणेघेणे नव्हते. त्याला तीन तास पंख्याखाली अंधारात खुर्ची हवी होती. अलेक्झांड्राचे काय झाले हे सगळ्यांना माहीत आहे. त्या माणसाचे काय झाले?

जुन्या टॉकीजमध्ये बरेच काही वाईट होते. ढेकूण होते, मुतारीचा वास होता, पुढच्या बाकांची आणि बाल्कनीची उतरंड होती. पण छप्पर एक होते. पुढच्या बाकावरचा हसला की बाल्कनीतला हसे. कोळीवाड्यातला, कच्छी मोहल्ल्यातला, ब्राह्मण आळीतला, सगळे एकाच वेळी एकाच जागी डोळे पुसत. आता मॉलमधल्या पडद्यासमोर पुढच्या बाकाचा दरच उरलेला नाही, त्यामुळे त्या बाकावरचा माणूसही उरलेला नाही. तो मोबाईलवर एकटा पाहतो. आणि वस्त्यांचे म्हणाल तर १९९२-९३ नंतर मुंबईतून किती कुटुंबे मुंब्र्याला आणि आसपास येऊन आपापल्यांत राहू लागली हे आपल्या वाचकांना सांगायला नको. आमच्या वर्गात अशी मुले आहेत, ज्यांनी आपल्या मोहल्ल्याबाहेरच्या एकाही मुलाशेजारी बसून कधी काही पाहिलेले नाही. खेळ नाही, नाटक नाही, सर्कस नाही. इमारतीपेक्षा हे नुकसान जास्त बोचते. आणि ते भरून निघण्यासारखे आहे, म्हणून तर अधिकच बोचते.

अरबी शायरीत 'अतलाल' नावाची एक जुनी रीत आहे. इस्लामच्या आधीपासूनची, इम्रउल-कैसच्या काळातली. शायर वाळवंटातून जाताना एका उठून गेलेल्या मुक्कामापाशी थांबतो. तिथे तंबूच्या खुणा असतात, चुलीचे काळवंडलेले दगड असतात. तो रडतो, पण तंबूसाठी नव्हे. त्या तंबूत जी होती तिच्यासाठी. उर्दू शिकवताना शहरआशोबाचा विषय निघाला की आम्ही मुलांना हेच सांगतो. शहराचा मर्सिया हा शहरातल्या माणसांचा मर्सिया असतो.

सर सय्यद अहमद खानांनी १८४७ साली, तिशीच्या उंबरठ्यावर, दिल्लीच्या इमारतींवर 'आसार-उस-सनादीद' हा ग्रंथ लिहिला. कुतुबमिनारच्या उंचावरचे शिलालेख उतरवायला ते टोपलीत बसून लोंबकळले, असे हाली यांनी त्यांच्या चरित्रात नोंदवले आहे. दहा वर्षांत १८५७ आले आणि नंतर इंग्रजांनी लाल किल्ल्यातल्या आणि जामा मशिदीभोवतीच्या कितीतरी वास्तू पाडल्या. तेव्हा त्या ग्रंथाचे मोल कळले. पण त्यातली एक गोष्ट आम्हाला राहून राहून आठवते. पहिल्या आवृत्तीत शेवटी एक प्रकरण दिल्लीच्या माणसांवर होते. शायर, आलिम, हकीम, खुशनवीस. १८५४ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते प्रकरण गळले. इमारती राहिल्या, माणसे निघाली. इतक्या मोठ्या माणसाच्या ग्रंथात असे होते, तर आपल्या गप्पांचे काय!

याची उलटी बाजूही पनवेलमध्येच आहे. बेने इस्राईल समाजाचे बेथ एल सिनेगॉग इथे १८४९ पासून आहे. गावातल्या एका तलावाला इस्राईल तलाव म्हणतात. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणाने ज्यांना शनवार तेली म्हटले, तेच हे लोक. १९४८ नंतर त्यांतली बहुतेक कुटुंबे हळूहळू समुद्रापार गेली. इमारत जागेवर आहे. आमच्या मोहल्ल्यातले म्हातारे तिच्यासमोरून जाताना इमारतीबद्दल काहीच बोलत नाहीत. शेजारी राहणाऱ्या कुणाचे तरी नाव काढतात, त्याच्या घरी ईदला शीरखुर्मा कोण पोचवत असे ते सांगतात. त्यांची ही हळहळ आम्हाला खरी वाटते.

या वर्षी आठवीच्या मुलांना आम्ही घरी विचारून यायला सांगितले. कोणती इमारत कुठे होती ते विचारू नका, तिथे कोण बसायचे, कोण उभे असायचे, ते विचारा. वह्या आल्या. बऱ्याच जणांनी तरीही इमारतींचीच यादी केली, सवय जात नाही. एका मुलीने मात्र आजोबांबद्दल लिहिले. ते टॉकीजच्या दारात चणे-शेंगदाणे विकत. मध्यंतराला गिऱ्हाईक, खेळ सुटताना गिऱ्हाईक, त्यामुळे आत जाऊन पुरते चित्र त्यांनी एकही पाहिले नाही. पण कोणते चित्र किती आठवडे चालले ते त्यांना अजून पाठ आहे, भाजलेल्या चण्याच्या हिशेबाने. त्या मुलीने खाली कंसात लिहिले होते की दादांना शेवट ठाऊक नसलेली चित्रे बरीच आहेत, त्यातली दोन तिने त्यांना मोबाईलवर लावून दिली, आणि दोन्ही वेळा ते मध्यंतराला उठून बाहेर गेले.