कोठून पाहावे?

शब्बाथ सरला की नातू संगणकावर ‘कॉम्बॅट मिशन’ हा लढाईचा खेळ मांडतो. २००० साली निघालेल्या त्याच्या पहिल्या भागात १९४४ सालचे नॉर्मंडी आहे. दोन्ही बाजूंनी हुकूम द्यायचे आणि पुढची साठ सेकंदे हाताची घडी घालून पाहायचे. तेच मिनिट मग हव्या त्या जागेवरून, कितीही वेळा पाहता येते.

परवा झुडपांआडच्या तोफेने त्याची तुकडी मारली. आकाशातून पाहून तो म्हणाला, “आजी, हा सार्जंट मूर्ख आहे!” मी म्हटले, “त्याच्या पाठीमागे जाऊन बघ.” कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आणला, तर समोर नुसती झाडी. शिवाय हुकूम नातवाचाच होता!

नर्स असताना मीही एका शिकाऊ मुलीला विचारले होते, “हे तुला दिसले कसे नाही?” तापाचा तक्ता सकाळी माझ्यापुढे पुरा होता, रात्री तिच्यापुढे अर्धाच होता. दुसऱ्याच्या जागी पोहोचल्याशिवाय न्याय करू नये, हे हिल्लेलचे सांगणे आपण सारे ऐकतो. पण तोफ कोठे आहे हे एकदा कळल्यावर त्या जागी पोहोचता येते का? मला शंका आहे. म्हणून नातवाला सांगितले, आधी खालून पाहा, मग वर जा.

आता तो तसे करतो. सार्जंटला शिव्या मात्र अजून देतो.